बायनाबाईच्या पोलक्याचा अहवाल

अर्धं सूप पाखडून झालं होतं, उरलेल्या तांदळात कोंडा तसाच होता, तेवढ्यात रुखमा मडावी दारात येऊन उभी राहिली. चालत आल्यानं तिला धाप लागली होती. शिवणवर्गाच्या कमलाबाईंनी सगळ्यांना आत्ताच बोलावलंय, उद्या नाही, आणि अहवाल वाचून झालेत, एवढंच ती म्हणाली. कसे वाटले ते काही बाईंनी सांगितलं नव्हतं. शकिलानं सूप भिंतीला टेकवलं, वर जुनी ओढणी टाकली, कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून फळकूट आडवं लावलं आणि डोक्यावरून पदर घेऊन निघाली.

एकोणीसशे सत्याऐंशीचा एप्रिल होता. अहेरीत बसस्टँडच्या रस्त्यावर शफीभाईंचं शिलाईचं दुकान होतं, शकिला त्यांची सून. नवरा अयूब लाकडाच्या ट्रकवर असायचा, पंधरा पंधरा दिवस घरी नसायचा. शफीभाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन झालं, पण सुईच्या नाकात दोरा ओवण्याइतकी नजर काही परत आली नाही. तेव्हापासून सहा वर्षं दुकान शकिलाच चालवत होती. ती पडद्याच्या आत मशीनवर आणि शफीभाई बाहेर बाकावर, अशी दोघांची वाटणी होती. गिऱ्हाईक शफीभाईंशी बोलायचं, कापड आत यायचं आणि तयार होऊन बाहेर जायचं. पहाटेची नमाज झाली की ती कात्रीवर हात ठेवून अल्लाचं नाव घ्यायची आणि मगच पहिलं कापड उलगडायची. त्यात कधी खंड पडला नाही.

असा हात असलेल्या बाईनं बत्तिसाव्या वर्षी शिवणवर्गात काऊन बसावं, असं शेजारपाजारचे विचारायचे. कारण साधं होतं. एटापल्लीच्या बाजूला एका आश्रमशाळेत शिवण शिकवणारी बाई पाहिजे होती. अयूबनं तिथल्या हेडमास्तरांकडे शब्द टाकला होता. हेडमास्तर म्हणाले होते, जागा जूनअखेरपर्यंत धरून ठेवतो, पण सरकारी प्रमाणपत्र पाहिजे, हात कितीही चांगला असला तरी कागदाशिवाय मला नेमता येत नाही. प्रमाणपत्रासाठी वर्षाचा वर्ग, वर्गानंतर परीक्षा, आणि परीक्षेला बसण्याआधी केलेल्या एका कामाचा लेखी अहवाल. अहवाल नामंजूर झाला तर हॉलतिकीट नाही. शकिला सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली होती. शिवायचं म्हणजे तिला श्वास घेण्यासारखं होतं, पण लिहायचं म्हटलं की तळव्यांना घाम सुटायचा.

वर्ग एका जुन्या गोदामात भरायचा. अकरा बाया, चार मशीन, एक लांब टेबल. कमलाबाई अलोणे जानेवारीत चंद्रपूरहून बदलून आल्या होत्या. पांढरी साडी, केस घट्ट बांधलेले, आणि आवाज कधीच न चढणारा. टेबलावर अकरा अहवाल एकावर एक ठेवलेले होते. शकिलाचा सगळ्यांत वर होता, कारण तो सगळ्यांत देखणा होता. निळ्या शाईत मजकूर, लाल शाईत मथळे, चारी बाजूंनी समास, आणि वहीच्या कव्हरला तिनं क्रोशाची बारीक लेस शिवली होती.

कमलाबाईंनी आधी बाकीच्यांचं उरकलं. दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या कुण्या मुलीचा अहवाल वर्गात हातोहात फिरत होता, हे त्यांना वाचतावाचताच कळलं होतं.

"चौदा ऑगस्टले नऊ बाया नागपूरले कापडगिरणी पाहाले गेल्या," त्या म्हणाल्या. "माझ्या आधीच्या बाईंचा हजेरीपट काढून पाहिला. त्या दिवशी नवाच्या नऊ इथी हजर हाये. दोन्हीपैकी एक खोटं असन."

गिरणी कोणीच पाहिली नव्हती. त्या मुलीनं तरी पाहिली होती का, हेही कोणाला ठाऊक नव्हतं. शकिलानं ती प्रत घेतली नव्हती, कोणाची नक्कल करणं तिच्या जिवावर यायचं. रुखमानंही घेतली नव्हती, कारण तिला कोणी दिलीच नव्हती. रुखमा भामरागडकडची, एकोणीस वर्षांची, वसतिगृहात राहायची. घरी गोंडी बोलायची आणि मराठी शोधून शोधून.

मग कमलाबाईंनी फळ्याकडे पाठ करून सांगितलं. अहवाल म्हणजे काय, तर तुम्ही काय केलं ते. कापड कोणतं होतं, कोणासाठी होतं, मापं काय निघाली, आधी काय कापलं, मग काय जोडलं, कुठं चुकलं, चुकल्यावर काय केलं, पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल. करायला काय पाहिजे होतं ते पुस्तकात छापलेलं आहे, ते परत उतरवण्यात शाई जाते. आणि खरं लिहिलंय की नाही हे तपासायचा एकच रस्ता त्यांना ठाऊक होता. दर एकीनं दुसरीचा अहवाल घ्यायचा आणि त्यावरून तोच कपडा पुन्हा शिवायचा. मूळ कापड शिल्लक नसेल तर मांजरपाट घ्या. चार दिवस. लिहिणारीला एक शब्द विचारायचा नाही.

"परीक्षक चंद्रपुरात बसून वाचते," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय तिच्या घरी जाऊन कानात सांगणार हाये का?"

शकिलाचा अहवाल त्यांनी रुखमाच्या हातात दिला आणि रुखमाचा शकिलाच्या. शकिलाचा अहवाल भाजी विकणाऱ्या बायनाबाईच्या पोलक्याचा होता. बायनाबाईनं दोन पोलक्यांचं कापड एकदमच आणून दिलं होतं. एक शकिलानं शिवून दिलं होतं, दुसऱ्याचं कापड तसंच पडून होतं. ते रुखमाकडे गेलं.

रुखमाचा अहवाल पाहून शकिलाला हसू आवरेना. चार वर्षांच्या मुलीच्या झग्याचा अहवाल, अक्षर वेडंवाकडं, मध्येमध्ये खोडलेलं. "पहिली बाही उलटी लागली. उसवली. दुसऱ्यांदा परत उलटी लागली. मग बाहीच्या पुढच्या अंगाला खडूनं फुली मारली. मग लागली." असं त्यात लिहिलं होतं. घरी येऊन तिनं तांदळाचं उरलेलं काम उरकता उरकता शफीभाईंना ते वाचून दाखवलं, तेही हसले. आपण दोनदा चुकलो हे कोणी सरकारला लिहून देतं का, असं दोघांचं बोलणं झालं. पण दुसऱ्या दिवशी मांजरपाटावर झगा कापताना शकिलाच्या लक्षात आलं, की या बाहीला पुढचा आणि मागचा भाग जवळजवळ सारखाच आहे. घाईत तिच्याही हातून उलटी लागली असती. तिनं खडूनं फुली मारली. झगा पहिल्याच खेपेला झाला.

पाचव्या दिवशी बायनाबाईला वर्गात बोलावलं. बायनाबाई पन्नाशीची, हाडापेराची, आणि तोंडाला अजिबात कुलूप नसलेली. बाजारातून थेट आली होती, वांग्यांची आणि कोहळ्याची पाटी दाराशी उतरवून. रुखमानं शिवलेलं पोलकं तिनं पडद्यामागं जाऊन घातलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना गोल फिरून दाखवलं. खांद्यावर चुणी नाही, पाठीवर झोळ नाही. बायका वाहवा करायला लागल्या. रुखमा भिंतीला टेकून नखं खात होती. शकिलाला बरं वाटलं, शिलाई रुखमाची असली तरी लिहिणं आपलं होतं.

"मग जाऊ का आता? कोहळं इथीच पिकून जाईन," बायनाबाई म्हणाली. चुंबळ डोक्यावर ठेवून तिनं दोन्ही हातांनी पाटी उचलली. हात डोक्याच्या वर गेले आणि उजव्या बगलेत टरकन आवाज झाला. पाटी तशीच धरून ती थांबली. मग दुसरी बगल गेली.

पाटी खाली ठेवून तिनं फाटलेल्या जागेत बोट घालून पाहिलं.

"हे पोलकं चांगलं हाये," ती म्हणाली. "हे घालून माणसानं हात जोडून बसावं. कामाले जाऊ नये."

बाया हसल्या. रुखमा नाही हसली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती पुन्हा पुन्हा शकिलाच्या वहीची पानं उलटून कुठली ओळ सुटली ते शोधत होती. बायनाबाई शकिलाकडे वळली.

"सहा वर्षं झाली, तुह्याकडूनच शिवून राह्यली मी. उन्हाळ्यात मोहा वेचते, पावसाळ्यात बांधावरचं गवत आणते डोक्यावर. एक नाई फाटलं आजवर. या पोरीले काय सांगतलं नाई तू?"

कमलाबाईंनी फाटलेलं पोलकं हातात घेतलं आणि शकिलानं शिवलेलं दुसरं मागवलं. ते बायनाबाईच्या घरी दोरीवर वाळत होतं, तिची नात घेऊन आली. दोन्ही पोलकी टेबलावर पालथी घातली, तेव्हा फरक सगळ्यांना दिसला. शकिलाच्या पोलक्याच्या बगलेत, बाही आणि अंग जिथं मिळतात तिथं, एक लहान चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला होता. एक टोक बाहीकडे, एक कमरेकडे, एक पुढं, एक मागं. हात वर केला की तो तुकडा उघडायचा, खाली केला की मिटून जायचा. बाहेरून कळायचंही नाही.

"हे काय हाये?" कमलाबाईंनी विचारलं.

"चौबगला," शकिला म्हणाली.

"अहवालात नाई."

"पुस्तकात नाई, बाई."

"पुस्तकात नाई म्हणून लिहिलं नाई, का लिहायचं सुचलंच नाई?"

शकिलाला सुचलंच नव्हतं, कारण चौबगला कापायला ती थांबायचीच नाही. अंग कापून झालं की उरलेल्या चिंधीतून हात आपोआप दोन तुकडे काढायचा. पण एकदा, लिहितालिहिता, आठवलंही होतं. तेव्हा तिनं पुस्तकातली आकृती पाहिली, तिथं बगल गोल होती, आणि हे आपलं बाजारू काम आहे, सरकारी कागदावर शोभायचं नाही, असं म्हणून ते सोडून दिलं होतं. ते तिनं सांगितलं.

कमलाबाई तिच्यावर रागावल्या नाहीत. पोलकं परत घडी करत त्या म्हणाल्या, "या रिपोर्टमधी सगळं हाये, शकिलाबाई. फक्त तुम्ही नाई हाये. सोमवारच्या गाडीनं सगळे अहवाल चंद्रपूरले जातीन. तोवर दुसरा लिहून आणा. हा मी पाठवत नाई."

घरी येताना तिनं हिशेब केला तर मध्ये तीनच दिवस होते. पण अडचण वेळेची नव्हती. चौबगल्याचं माप तिला ठाऊक नव्हतं. तिनं कधी टेप लावलाच नव्हता. चिंधी समोर धरली, गिऱ्हाइकाचा खांदा डोळ्यासमोर आणला, कात्री चालवली, की झालं. आता तशी चिंधी तिनं चार वेळा कापली, दर वेळी टेप लावला, आणि चारही वेळा वेगळा आकडा आला. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला आपल्या हाताची शंका आली.

संध्याकाळी तिनं शफीभाईंना विचारलं. ते बाकावर बसून पोराबाळांच्या चड्ड्यांची बटणं चाचपत होते. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा आवळला.

"दुकानाची चीज हाये ते," ते म्हणाले. "आलापल्लीचे टेलर विचारून थकले, मी नाई सांगतलं. अन तू सरकारच्या कागदात लिहून देऊन राह्यली? उद्या अकरा बाया अकरा दुकानं टाकतीन."

शकिला उलट बोलणारी नव्हती. ती चुलीकडे गेली. भाकरी टाकतानाही तिच्या मनात एकच फिरत होतं. अब्बांचं म्हणणं चूक नाही, दुकान त्याच एका तुकड्यावर चाललं आहे. पण तो तुकडा लिहिला नाही तर अहवाल नाही, अहवाल नाही तर परीक्षा नाही, आणि आश्रमशाळेची जागा जुलैपर्यंत कोणी थांबवणार नाही. त्यांना दुखवून ती लिहिणार नव्हती. लिहिल्याशिवाय तिला जाता येत नव्हतं. नमाजेनंतर ती जरा जास्त वेळ बसून राहिली. दुआ मागताना सगळं नीट शब्दांत मांडावं लागत नाही, अल्लाला ठाऊकच असतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. कागद वाचणाऱ्याला मात्र काही म्हणजे काहीच ठाऊक नसतं. हा फरक तिला त्या दिवशी कळला, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शफीभाई जेवायला बसले आणि जेवण झाल्यावर उठले नाहीत. माझ्या वयाच्या माणसानं खोटा मान मिरवू नये, अशी सुरुवात करून त्यांनी जे सांगितलं ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. चौबगला ते कोणा उस्तादाकडून शिकले नव्हते. दुकान नवं होतं, मिशा नुकत्याच फुटल्या होत्या, आणि ते शहरासारखं गोल बगलेचं पोलकं शिवायचे. तेंदूपत्त्याच्या हंगामात एक बाई आली, तिचं पोलकं आठ दिवसांत फाटलं. शफीभाईंनी शिवून दिलं, ते पुन्हा फाटलं. तिसऱ्या खेपेला तिनं ते मशीनवर फेकलं आणि तिथंच उभी राहून हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला, पानांचा बोजा मी असा उचलते, तू कसा उचलतोस ते मले दाखव. शफीभाईंनी हात वर नेऊन पाहिला तर त्यांच्या स्वतःच्या सदऱ्याला बगलेत तुकडा होता. सगळ्याच सदऱ्यांना असायचा, पुरुष कामाला जातात म्हणून. बाईच्या पोलक्याला लावायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं, एवढंच.

"त्या बाईचं नाव काय होतं, अब्बा?"

"विचारलंच नाई," ते म्हणाले. मग त्यांनी पायजम्यावर बोटं आडवी ठेवली. "अडीच इंच, चौरस. शिवणीचं धरून. बाई दुबळी असली तर दोन. जाड कापड असन तर तीन, नाईतर टोचते. धागा तिरपा पाहिजे, सरळ धाग्यावर कापशीन तर ताण घेत नाई. तुह्या चार चिंध्या चार मापाच्या काऊन आल्या? तू चार बाया डोळ्यासमोर आणल्या असशीन."

तिनं आठवून पाहिलं. तसंच झालं होतं.

"लिहू का मग?"

"लिही. माह्या हातचं तीन खेपा फाटलं, तेही लिही. नाईतर वाचणारीले वाटन, हा चौबगला आभाळातून पडला."

शकिलानं नवी वही घेतली नाही, वर्गातले सुटे कागद घेतले. लाल शाई वापरली नाही. लिहायला दीड दिवस लागला, त्यातला अर्धा दिवस खोडण्यात गेला. त्यातला एक उतारा असा होता:

"ही बाई रोज डोक्यावर पाटी नेते, म्हणून तिचे हात रोज वीस-पंचवीस वेळा वर जातात. हे मी माप घेताना विचारले नाही, मला आधीपासून माहीत होते. नवीन गिऱ्हाईक असेल तर विचारावे. बगलेत अडीच इंचाचा चौकोनी तुकडा तिरप्या धाग्यावर कापून बसवला. याला आमच्या दुकानात चौबगला म्हणतात. आधी तुकडा बाहीला जोडावा, मग अंगाला. मी एकदा आधी अंगाला जोडला, तेव्हा टोक मिळाले नाही, उसवावे लागले. पहिल्या अहवालात मी हा तुकडा लिहिला नव्हता. त्यावरून शिवलेले पोलके दोन्ही बगलांत फाटले. ते फाटण्यात शिवणारीची चूक नव्हती."

शेवटचं वाक्य तिनं दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं.

सोमवारी सकाळी रुखमानं त्या कागदांवरून फाटलेल्या पोलक्यात चौबगले बसवले. एका ठिकाणी ती अडली. शकिला समोरच बसली होती, पण नियम होता, म्हणून दोघीही बोलल्या नाहीत. रुखमानं तो परिच्छेद ओठ हलवत पुन्हा वाचला, बोट ओळीवर ठेवलं, आणि तुकडा फिरवून लावला. बरोबर लागला. बायनाबाईनं घालून पाटी उचलली, उतरवली, पुन्हा उचलली, आणि सगळ्यांचं लक्ष आहे असं पाहून भिंतीवरच्या घड्याळावरची धूळही झटकली. पोलकं फाटलं नाही. कमलाबाईंनी कागदांना टाचणी लावली आणि ते गाडीच्या वेळेआधी गठ्ठ्यात घातले. बाकीच्या नऊ जणींनीही तीन दिवसांत गिरणी काढून टाकून आपापलं लिहून दिलं होतं, कोणाचं चार पानी, कोणाचं एकच.

परीक्षा मे महिन्यात झाली, रोजे चालू होते. चंद्रपूरहून आलेल्या परीक्षक बाईंनी शकिलाला समोर उभं करून विचारलं, हे चौबगल्याचं अभ्यासक्रमात कुठं आहे? शकिलानं सांगितलं, अभ्यासक्रमात नाही, गिऱ्हाइकाच्या अंगावर आहे. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि दुसरीला बोलावलं. शकिलाच्या जिभेला त्या दिवशी संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजेपर्यंत कोरड राहिली, ती रोज्याची की धसक्याची, कोण जाणे.

निकाल आणि प्रमाणपत्रं जूनच्या चोवीस तारखेला बसनं आली. अकरापैकी नऊ पास. शकिला पास होती. अहवालाला वीसपैकी तेरा गुण होते आणि शेजारी शेरा होता, "अभ्यासक्रमाबाहेरील भाग आहे. वर्णन स्पष्ट." रुखमाला अहवालाला पंधरा मिळाले होते. शकिलाला ते थोडं लागलं, आणि मग तिला खडूच्या फुलीचा तो झगा आठवला.

शफीभाईंनी बाकावरूनच विचारलं, चौबगल्याला किती मिळाले. तिनं तेरा सांगितले.

"सात कुठी गेले?"

"अभ्यासक्रमात नाई म्हणे."

मग शफीभाईंनी विचारलं, एटापल्लीची गाडी सकाळी किती वाजता सुटते, आणि पावसानं रस्ता बंद होण्याआधी पोहोचायचं तर कधी निघावं लागेल. अयूब घरी नव्हता, त्याला निरोप ट्रकवाल्यांकडून द्यायचा होता. तिनं दोन्ही गोष्टी सांगितल्या, प्रमाणपत्र कुराणशरीफच्या फळीखालच्या पेटीत नीट ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तरांना द्यायच्या त्याच्या दोन खऱ्या नकला साक्षांकित करून घ्यायला ती तहसील कचेरीत जाणार होती.